पाणी उलटं चढतं, दादा

दादा, तू गेलास आणि गावाला तुझ्याबद्दल चांगलं बोलायला तोंड फुटलं. "देवमाणूस व्हता," असं सखूकाकू पदराने डोळे पुसत म्हणाली. याच काकूने गावात कोणाची नवी सून आली की तिला पुलावर उभ्या असलेल्या तुझ्याकडे बोट दाखवून सांगितलेलं आहे, "ह्यो त्योच. माय बुडून राहिली अन् ह्यो काठावर बघत बसला." मी चहा देत होते. तिचा कप मी हातात न देता समोर आपटला. बायांना वाटलं, भाऊ गेला, बाईला भान राहिलं नाही.

भान चांगलं होतं. राग काकूवर नव्हता एवढंच. एक गोष्ट मी चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवली आहे. ती तू असताना तुझ्यासमोर बोलायला हवी होती, आणि तू असताना मला तोंड उघडता आलं नाही. आता तू ऐकायला नाहीस तर कागद पुढे घेऊन बसले आहे. तू म्हणायचास तेच खरं, शोभीचं तोंड नको तिथे चालतं आणि पाहिजे तिथे बंद पडतं. हे लिहून झालं की मी गावच्या वाचनालयाच्या अंकाला देणार आहे. ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हेही वाचावं.

तुझ्या वेडापासून सुरुवात करते. आपल्या भागातला माणूस समुद्र पाहायला निघाला तर एक रात्र गाडीत काढावी लागते, आणि तू बोलायचास सुनामीबद्दल. नोकरीभर तू पावसाळ्यात पुलाच्या खांबावरच्या रंगवलेल्या पट्टीवर नदीची पातळी वाचलीस, दर तासाला आकडा लिहिलास. निवृत्त झालं की लोकांनी भजनात जावं, शेती बघावी. तू मोबाईलवर जगभरच्या नद्या बघत बसलास. पोरं तुला समुद्रमामा म्हणायची. मी तर काय, संधी सोडायची नाही. "अरे, उन्हाळ्यात आपल्या कयाधू नदीत म्हैस बसंल एवढं पानी न्हाई, अन् तुला सुनामी काहून लागली रे?" तू हसायचा नाहीस. ते मला जास्त लागायचं.

एकदा माझ्या हळदीला पाणी चालू होतं. तू पायजमा वर खोचून पाटात उतरलास आणि खालच्या तोंडाशी फावडं आडवं लावलंस. पाणी थांबलं, फुगलं, मागे सरकायला लागलं. "ही आपली कयाधू," म्हणालास. "खाली पैनगंगेला पूर असला की ती हिला आत घेत न्हाई. मंग ही जागच्या जागी चढती." मग तू तेच फावडं पाण्यातून जोरात वरच्या बाजूला रेटलंस, आणि एक हातभर लाट पाटातून उलटी धावत माझ्या पायापर्यंत आली. "अन् समुद्र असा ढकलतो. जमिनीवर लाटंला घरं आडवी येतात, झाडं येतात, बांध येतात. नदीत काय आडवं येतं सांग? मोकळा रस्ता. गावात पानी शिरायच्या आधी लाट नदीतून दोन कोस आत गेलेली असती. नदी अरुंद झाली की ती उंच व्हती. लोकं समुद्राकडं तोंड करून बसतात, अन् पानी येतं बाजूनं."

तेवढ्यात पाटाचा बांध फुटला आणि चिखल हळदीत गेला. मी तुला असं झापलं की शेजारच्या रानातली माणसं उभी राहून बघत होती. तू मुकाट्याने बांध नीट केलास.

तुला हे वेड कशाने लागलं ते मला माहीत होतं. तुला माहीत होतं की मला माहीत आहे. आपण दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही, कारण ती सुरुवात आईपासून होते.

आपल्या गावात पूर थांबला की बायका नदीची ओटी भरायच्या. नदी माहेरवाशीण, तिची ओटी भरताना पुरुषमाणसाने दरडीवरच, वरच्या काठावर, थांबायचं, खाली उतरायचं नाही, हा रिवाज. आणि पूर थांबला हे ओळखायची गावाची एकच खूण होती, धार बघायची. फांद्या, कडबा, ओंडके वाहायचे थांबले की पूर थांबला. उभं राहिलेलं पाणी म्हणजे शांत झालेलं पाणी, असं सगळ्यांनी धरलेलं. खाली तीन कोसांवर पैनगंगा दार लावून बसलेली असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. त्या दिवशी असंच झालं. धार थांबली. आपले बापू म्हणाले, "थांबलं. जा गं बायांनो." खण, नारळ, हळदकुंकू घेऊन बारा-पंधरा बाया आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, दगडांपाशी उतरल्या. ते दगड उंचवट्यावर होते खरे, पण मागून ओढा. मी नऊ वर्षांची, आईच्या मागे मागे.

तू अठरा वर्षांचा, कॉलेजातून सुट्टीला आलेला. तू धार बघत नव्हतास. दरडीला टेकलेल्या पाण्याच्या कडेला तुराटीची काडी रोवून तीच बघत होतास.

नदीचं पाणी त्या ओढ्यात शिरून मागून आलं. बायांना कळलं तेव्हा परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी होतं. एकमेकींचे हात धरून सगळ्या निघाल्या. तू पाण्यात उतरला होतास. आईने मला उचलून तुझ्या हातात दिलं, आणि तिच्या पायाखालची माती गेली. एवढंच मला दिसलं. बाकी सगळ्या वर आल्या.

त्या दिवशी बापूंनी चारचौघांत तुला विचारलं, "काडी बुडाली हे तुला दिसलं व्हतं का?"

"दिसलं व्हतं."

"मंग बोलला काहून न्हाई?"

तू जमिनीकडे बघत राहिलास. मी सखूकाकूच्या मांडीवर होते. तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. तेव्हापासून गावात तुझं नाव पडलं ते पडलंच, आणि बापू बाप असून मरेपर्यंत तुझ्याशी कामापुरतंच बोलले.

आता ती सकाळ, महिन्यापूर्वीची.

अंगणात शिजवलेली हळद पसरलेली होती. तू नेहमीसारखा चहाला आला होतास. प्रणिताचा व्हिडिओ कॉल आला. माझी पोरगी, मी नऊ महिने पोटात वागवलेली, जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली, मला बघून पहिला प्रश्न काय विचारते, तर "मामा आहेत का?" मी तोंड वाकडं करून फोन तुझ्याकडे वळवला.

"मामा, इथं सुनामीचा इशारा आलाय. लांब कुठंतरी भूकंप झालाय. तुम्ही घाबरू नका, आम्ही समुद्रापासून सात किलोमीटर आत आहोत. नकाशात आमचं म्हाताऱ्यांचं घर धोक्याच्या रेषेच्या बाहेर आहे. तरी खबरदारी म्हणून वरच्या गावातल्या शाळेत जायच्या तयारीत आहोत."

"कोणत्या रस्त्यानं?"

"नदीकाठच्या. सरळ वर जातो."

तुझा चहाचा कप खाली आला. "नदी किती लांब हाय?"

"ही काय, खिडकीतून दिसते." तिने फोन फिरवला. दोन्ही बाजूंनी सिमेंटचे बांध, मधे संथ पाणी. आपल्याकडच्या पाटासारखी आखीव नदी.

"पायऱ्या हायत न्हवं तिथं? पान्याच्या वर किती दिसतात?"

"पाच."

"बघत राहा. फोन ठेवू नको."

ती हसली. मीही हसले. मागे कोणी म्हातारी खोकत होती, कोणी खुर्ची सरकवत होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चार." मग म्हणाली, "भरतीलाही चढतं मामा. रोज चढतं."

"ती बाटली वाहून राहिली ना, ती कुन्या बाजूला चालली?"

ती खिडकीशी वाकली. "वर चाललीय."

मी हसायची थांबले. पण खरं सांगते दादा, भीती मला नदीची वाटली नाही, तुझी वाटली. तुझी मान ताठ झाली होती, आणि मला वाटलं हा माणूस माझ्या पोरीला वेडी करणार.

मग ती एकदम आनंदाने ओरडली, "उतरलं! मामा, सात पायऱ्या दिसून राहिल्या!"

"उतरलं म्हणून खूश होऊ नको!" तू एवढ्या जोराने ओरडलास की अंगणातल्या चिमण्या उडाल्या. "ते मागं वढून राहिलं. आता येईल. पहिलीच्या मागं दुसरी येईल, ती मोठी असंल. प्रणिता, नदीच्या संगं पळू नको. नदी तुझ्याहून जोरात पळती. नदीला पाठ दे अन् आडवी जा. टेकडी हाय का आडव्या बाजूला?"

"आहे, भाताच्या शेतांच्या पलीकडं. देऊळ आहे. पण मामा, ते माझ्या हातात नाही. वरची बाई ठरवते. बारा म्हातारी माणसं आहेत, त्यातली पाच चाकाच्या खुर्चीत."

मी तुझ्या हातातून फोन हिसकला. "प्रणिता, तिथली मानसं सांगतात तसं कर. त्यास्नी काय कळत न्हाई व्हय? मामाचं डोकं फिरलंय. उगं नोकरी घालवून बसशील."

"शोभे, फोन दे."

"न्हाई देत. लेकराला भेव दाखवून राहिला तू. जलमभर तुझं हे काडी अन् काठ ऐकून घेतलं. मायच्या टायमाला तोंड शिवलं व्हतं का तुझं? तवा बोलला असता तर माय राहिली असती!"

फोन चालू होता. प्रणिताने ऐकलं.

दादा, तुझ्याकडे त्या वेळी एक वाक्य होतं. फक्त एक. ते तू बोलला असतास तर मी जागेवर मेले असते, आणि ते खरं असतं. तू माझ्याकडे पाहिलंस. बापूंनी विचारलं त्या दिवशी माझ्याकडे जे पाहिलं नव्हतंस, ते सगळं आता पाहिलंस. आणि त्याच आवाजात म्हणालास, "शोभे, फोन दे."

मी दिला.

"बाळ, तुझ्या बाईला खिडकीशी आन. काही सांगू नको, भांडू नको. तिला नुसत्या पायऱ्या मोजाय लाव." आणि लाइन गेली.

पुढचा दीड तास मी स्वयंपाकघरात होते आणि तू अंगणात. तू फावडं घेऊन वाळणारी हळद उलटत होतास. उलटलेली परत उलटत होतास. मी चुलीवर दूध ठेवलं, ते ऊतू जाऊन करपलं, आणि त्या वासातही मला हलता येईना. तिचा फोन लागत नव्हता. दारातून तुला हाक मारावी, सांगून टाकावं, असं दहा वेळा मनात आलं. देवाला म्हटलं, पोरगी वाचू दे, मी आजच सांगते. पोरगी वाचली. मी सांगितलं नाही.

तिचा मेसेज आला: "सगळे टेकडीवरच्या देवळात. बारा जण. ठीक." मग मागाहून तिने सगळं सांगितलं. तिने वरच्या बाईला खिडकीशी नेलं. त्या बाईने पायऱ्या मोजल्या. काही वेळाने परत मोजल्या. मग एक अक्षर न बोलता गाडीची किल्ली घेतली आणि शेतातल्या रस्त्याकडे बोट केलं. दोन खेपांत सगळे हलवले. दुसरी खेप देवळाशी पोचत असताना खाली नदीत एक काळी रेघ वर सरकताना दिसली. पहिली लाट बांधाच्या आतच गेली. दुसरी पुलाशी आली, तिने आणलेली लाकडं पुलात अडकली, आणि पाणी काठच्या रस्त्यावर पसरलं. त्याच रस्त्याने ते जाणार होते. त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर टाचभर चिखल होता. माणूस एकही गेलं नाही.

मी हे तुला सांगत होते तेव्हा तू पायरीवर बसला होतास. "बरं झालं," म्हणालास. मी म्हटलं, "दादा, मी सकाळी..." तू लगेच म्हणालास, "हळद वसमतला कवा नेतीस? आभाळ येऊन राहिलं." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तू मला वाट करून दिलीस आणि मी निर्लज्जासारखी त्या वाटेने निघून गेले. हळदीबद्दल बोलले. पंधरा दिवस आपण हळदीबद्दलच बोललो.

मग एका सकाळी वहिनीचा फोन. तू न्हाणीत पडला होतास. गाडीत मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले, वहिनी पुढे. नांदेडच्या रस्त्याला तुझा श्वास लहान लहान होत गेला. मी तुझ्या कानाशी तोंड नेलं. शब्द ओठावर होते. पण वहिनी ऐकेल, ड्रायव्हर ऐकेल, हा विचार त्याही घडीला माझ्या मनात आला. मी म्हटलं, "दादा, आलंच नांदेड." आणि तू गेलास. शेवटचं मी तुझ्याशी खोटंच बोलले.

तर ते खरं इथे लिहिते.

त्या दिवशी काडी बुडाली तेव्हा तू गप्प बसला नव्हतास. दुसरी रोवलीस, तीही बुडाली. तुला खाली आसरांपाशी उतरता येत नव्हतं, बायांची ओटी चालू होती, आणि तुझी हाक तिथवर पोचत नव्हती. मी तुझ्या बोलावण्यावरून दरडीवर आले होते. तू माझा दंड धरलास आणि म्हणालास, "जा, मायला सांग, पानी चढून राहिलं. सगळ्यास्नी वर आन. पळ."

मी पळाले. पण मला राग आला होता, दंड दुखत होता. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आई मला द्रोणातला दिवा पाण्यात सोडू देणार होती. पाणी एवढं निवांत होतं दादा, ताटात ओतल्यासारखं. मला वाटलं, हा नेहमी अशीच हुकमत गाजवतो. मी आईपाशी गेले आणि म्हटलं, "दादा म्हनतो, नारळाचा मोठा तुकडा त्याला ठेव." आई हसली. तिने वळून दरडीकडे बघितलं आणि तुला हात केला. मग मी दिवा सोडला.

मला नंतर वाटलं, आई हसली म्हणून तू समजलास की निरोप पोचला. बापूंनी विचारलं तेव्हा तू बोट दाखवशील म्हणून मी काकूच्या पदरात तोंड खुपसलं होतं. तू दाखवलं नाहीस. मी वाट बघत राहिले. दहावी झाली, लग्न झालं, पोरगी झाली, मी वाट बघत राहिले, आणि जशी वर्षं गेली तशी मला तुझी चीड येत गेली. एखाद्याने आपल्यावर एवढं मोठं उपकाराचं ओझं ठेवावं आणि वर चहाला यावं, याची चीड. तुझी टिंगल करायचे ती त्यातूनच. माझी चीड तुला कळत होती आणि तरी तू येत होतास.

परवा तुझी तेरवी झाली. प्रणिता आदल्या दिवशी आली होती. तिने मला त्या फोनबद्दल काही विचारलं नाही, आणि तिचं न विचारणं मला दोन दिवस खात होतं. पाहुणे गेल्यावर मी तिला घेऊन अंगणात बसले आणि सगळं सांगितलं. नारळासकट. ती खाली बघत ऐकत होती. मला वाटलं, ही आता उठून जाईल.

ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे."

"कसं?"

"त्याच दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला होता. म्हणाले, तुझी माय सकाळी जे बोलली ते मनावर घेऊ नको. ती तवा नऊ वर्षाची व्हती. म्हणाले, आजीनं वळून हसत नारळाचा तुकडा वर केला ना, तवाच मला समजलं की शोभीनं सांगितलं न्हाई. मी तिथूनच पळत सुटलो, रिवाज-बिवाज सोडून. म्हणून तर शोभी हाताला लागली."

मी विचारलं, "अजून काय म्हणाला?"

"म्हणाले, तू होऊन तिला काही इचारू नको. तिनं सांगितलं तर ऐकून घे."

म्हणजे तुला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, दादा. मला पाण्यातून उचलून घेताना माहीत होतं. आणि त्यानंतरच्या दर राखीला तू माझ्यासमोर पाटावर बसून हात पुढे करत राहिलास.